एका ‘ळ’चे अंतर

उन्हाळी सुट्टीनंतर इंदूरमधील आपली पहिलीतील मुले काय शिकतील? बहुतेक शाळांत हिंदी, इंग्रजी आणि गणित. एनसीईआरटीने २०२३ मध्ये आणलेली ‘सारंगी’, ‘मृदंग’ व ‘आनंदमय गणित’ ही पुस्तके खेळ, गाणी व गप्पांतून शिकवू पाहतात, हे स्वागतार्हच आहे. मराठीची जबाबदारी मात्र घरावरच राहते.

पालक दवाखान्यात विचारतात, “डॉक्टरसाहेब, घरी मराठी बोललो तर मूल मागे पडेल का?” मुळीच नाही. अनेक भाषा कानी पडल्याने वाचादोष उद्भवत नाही. मूल आरंभी शब्दांची सरमिसळ करते; पुढे ती आपोआप निवळते.

शिवाय हिंदीसाठी गिरवलेली देवनागरी मराठीलाही उपयोगी पडते. ‘ळ’ तेवढा नवा. ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण किंचित निराळे. म्हणून या सत्रात रोज दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन मराठी गोष्ट वाचावी. परीक्षा नको, शुद्धलेखनाचा धाक नको.

अक्षरे शाळा देईल. आजीचे पत्र वाचण्याची ओढ आपणच लावायला हवी. अन्यथा नातवंडे मराठी बोलतील, पण घरातील मराठी पुस्तके त्यांच्यासाठी मुकीच राहतील.