पाठीला डोळे नसतात



दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम येतो. आपण चित्रे काढतो, घोषवाक्ये म्हणतो, प्रभातफेरी काढतो. ते दिवस सरले की सारे विसरतो. माझे मत असे की, पोहणे जसे पाण्यात उतरून शिकतात, तसा रस्ताही पायांनीच शिकायला हवा. नुसत्या पाठांतराने काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एकदा शाळा सुटल्यावर वस्तीवरची पोरं डाव्या कडेने, गप्पा मारीत चालली होती. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला दोन ट्रेलर. बाहेर लोंबणारे वाढे एकाच्या दप्तराला घासून गेले. पोर वाचले, पण माझ्या काळजाचे पाणी झाले. दुसऱ्या दिवशी मी रागावलो, तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, तुमीच सांगितलं डावीकडनं चाला. मागची गाडी दिसणार कशी? पाठीला काय डोळे असत्यात व्हय?"

चूक माझी होती. "नेहमी डावीकडून चाला" हे आम्ही घोकले आणि तुमच्याकडूनही घोकून घेतले. पण डावी बाजू वाहनांची. बैलगाडी, सायकल, मोटार यांनी डावीकडूनच जावे. पायी चालणाऱ्याने पदपथ असेल तर पदपथावरून, आणि नसेल तर उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. म्हणजे आपल्या बाजूची गाडी समोरून येते, दिसते आणि वेळेवर बाजूला होता येते. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतुकीच्या करारातही पादचाऱ्यांसाठी अशीच शिफारस आहे. मिरवणुकीने मात्र वाहनांच्याच बाजूने जावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणून आपल्या प्रभातफेरीच्या पुढे आणि मागे लाल फडके घेतलेले एकेक मोठे माणूस हवेच.

आता शाळेत काय करता येईल?

गणिताच्या तासाला मैदानावर चला. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी मिनिटाला १ किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. टेपने १७ मीटर मोजून दोन्ही टोकांना दगड ठेवा. धोका दिसल्यावर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायलाच साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी या दगडापासून त्या दगडापर्यंत येते, आणि ब्रेक लागल्यावरही ती लगेच थांबत नाही. हे अंतर एकदा चालून पाहिले की "पळत जाऊ, काय होतंय!" असे कोणी म्हणणार नाही.

खेळाच्या तासाला फक्कीने रस्ता आखा. चार बाकांची एस.टी. करा. उतरल्यावर गाडीच्या पुढून धावायचे नाही. ती निघून गेली, की आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहून ओलांडायचे.

भाषेच्या तासाला आपापल्या वाटेवरची धोक्याची ठिकाणे लिहून काढा. कुठे वळणावर झुडपे वाढलीत, कुठे 'पुढे शाळा आहे' हा फलक नाही. त्याचा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ग्रामसभेत द्या. पत्रलेखनही होईल आणि झुडपेही तुटतील.

काही पालक म्हणतील, "उजवीकडे जायला रस्ता दोनदा ओलांडावा लागतो." खरे आहे. पण ओलांडताना पोर दोन्ही बाजूंना बघते. डावीकडून चालताना मागचे काहीच दिसत नाही. समोरचे न दिसणाऱ्या वळणावर मात्र रस्ता सोडून पुरते खाली उतरूनच चालावे.

चित्राला बक्षीस जरूर असावे. पण घरापासून शाळेपर्यंत वर्षभर नीट चालणाऱ्याचे कौतुक त्याहून मोठे व्हावे. आणि मुलांनो, आम्हा गुरुजनांपैकी कोणी डावीकडून चालताना दिसले, तर न भिता सांगा, "गुर्जी, पाठीला डोळे नसतात!"