वकीलसाहेबांची भिंत

आमच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर महिनाभर एक बॅनर होता. काळा कोट, अंगावर शाल, हातात काचेचे मानचिन्ह आणि खाली ‘हार्दिक अभिनंदन’ म्हणणाऱ्या शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. पुरस्काराच्या नावात ‘राष्ट्रीय’ही होते आणि ‘रत्न’ही. शेजारच्या चाचींनी मला विचारले, “हा सरकारने दिला का गं?” मी बॅनर पुन्हा वाचला. पुरस्कार कोणी दिला, ते सर्वांत बारीक अक्षरांत होते.

चाचींसारखा प्रश्न आमच्या आपाने विचारला असता, तर तिची दोन वर्षे वाचली असती. दुल्हाभाई रस्ता अपघातात गेले. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा होता. कुणीतरी एका वकिलांकडे नेले. त्यांच्या भिंतीवर बोटभर जागा रिकामी नव्हती. प्रमाणपत्रे, ट्रॉफ्या, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. आपा म्हणाली, एवढ्यांनी मानले त्यांना, आपण कोण शंका घेणारे? तिने वकीलपत्रावर सही केली.

पुढे तारखा पडत राहिल्या. विचारले की एकच उत्तर, “काम चालू आहे.” शेवटी माझ्या मुलाने ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा सीएनआर क्रमांक टाकला. १६ अंक-अक्षरांचा हा क्रमांक प्रत्येक दाव्याला असतो, आणि प्रत्येक तारखेला काय झाले ते त्यावरून घरबसल्या, फुकट पाहता येते. चार तारखांना अर्जदाराचे वकील गैरहजर! अशा दाव्यात मयताचे वय आणि उत्पन्न यांवर भरपाईचा हिशेब होतो. दुल्हाभाईंच्या पगाराचा दाखला आपाने पहिल्याच दिवशी दिला होता. तो कोर्टात दाखलच झाला नव्हता.

ही मानचिन्हे येतात कुठून, ते मला भाच्यामुळे कळले. त्याला सनद मिळून वर्षही झाले नव्हते, एकट्याने एकही दावा चालवलेला नव्हता, तर मोबाइलवर संदेश आला की आपली निवड झाली आहे. खाली नोंदणी शुल्क. व्यासपीठावरचा फोटो हवा असेल तर वेगळा दर, स्मरणिकेत पानभर मुलाखत हवी असेल तर आणखी वेगळा. घरात सगळे पोट धरून हसलो. आपा मात्र हसली नाही.

सगळेच सत्कार असे नसतात. पन्नास वर्षे कोर्टाची पायरी झिजवलेल्या वकिलाला त्याच्याच बारने शाल दिली, तर त्यासाठी त्याला कोणी पावती फाडायला लावत नाही. पण आपल्या देशात वकिलाला जाहिरात करायला मुळात बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक असते? बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ वा नियम सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करून काम मागू नये. आपण अमुक प्रकारच्या दाव्यांत तज्ज्ञ आहोत, एवढेही पाटीवर लिहायचे नाही. म्हणून बॅनर वकील लावत नाहीत, मित्रमंडळ लावते. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांना क्रमवारी आणि गुण देणाऱ्या संकेतस्थळांवरही कडक ताशेरे ओढले.

कायद्याने दिलेला एक मान जरूर आहे, ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ हा. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १६ प्रमाणे तो फक्त सर्वोच्च वा उच्च न्यायालय देते. त्याचीही कथा ऐका. कोणाला द्यावा यावर तक्रारी झाल्या, म्हणून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० गुणांची पद्धत घालून दिली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ती गुणपद्धत बंद केली. रोज वकिलांचे युक्तिवाद ऐकणाऱ्या न्यायमूर्तींना ही पारख इतकी जड जाते, आणि हॉटेलच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी चाळीस ‘रत्ने’ सापडतात!

आपाने वकील बदलायचे ठरवले, तेव्हा जुन्या वकिलांनी ‘आधी उरलेली फी, मग फाइल’ असे सांगितले. फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला आहे. नव्या वकीलबाईंनी ते फोनवर सांगितल्यावर फाइल दुसऱ्या दिवशी मिळाली. या बाई आम्हाला कोर्टातच सापडल्या. भाच्याच्या सांगण्यावरून आपा दोन दिवस न्यायाधिकरणात मागच्या बाकावर बसून होती. कोण वेळेवर येते, कोणाच्या हातात कागद तयार असतात, तेवढेच पाहत होती.

बाईंच्या खोलीत भिंतीवर फक्त कॅलेंडर आहे. त्यांनी पहिल्याच भेटीत पगाराचा दाखला मागितला. मागच्या तारखेला दुल्हाभाईंच्या मालकांची साक्ष झाली, विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपास घेतला. इन्शाअल्लाह, पुढच्या तारखेला युक्तिवाद सुरू होईल.