एक युनिट म्हणजे नेमके किती?

घरातील वडीलधाऱ्यांची औषधे सांभाळणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. रक्तदाबाची गोळी मिलिग्रॅममध्ये मोजली जाते, खोकल्याचे पातळ औषध मिलिलिटरमध्ये. इन्सुलिन मात्र 'युनिट'मध्ये. मिलिग्रॅमने वजन कळते, मिलिलिटरने आकारमान. मग युनिटने काय मोजले जाते? हे नीट उमगले, तर इन्सुलिन देताना होणारी एक गंभीर चूक टाळता येते.

१९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनावरांच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन मिळवले. परंतु तो अर्क शुद्ध नव्हता आणि प्रत्येक खेपेस त्याची ताकद निराळी भरे. सारख्याच वजनाचा एक अर्क दुबळा, तर दुसरा जहाल ठरे. वजनावर विसंबणे धोक्याचे होते. म्हणून संशोधकांनी परिणामच मोजायचे ठरवले. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलो वजनाच्या सशाची रक्तशर्करा ठरावीक पातळीपर्यंत उतरवण्यास किती अर्क लागतो, यावरून 'युनिट' जन्मास आले.

मात्र जगात सगळीकडचे ससे सारखे नसतात. जात, आहार आणि ऋतू यांप्रमाणे निष्कर्ष बदलत. एका देशातील दहा युनिट दुसऱ्या देशात आठ किंवा बारा ठरले असते, तर रुग्णाने कशावर भरवसा ठेवावा? १९२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने एडिंबरा येथे तज्ज्ञांची परिषद भरवली. तेथे ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी आग्रह धरला, की कोरड्या, टिकाऊ इन्सुलिनचा एक नमुना जपून ठेवावा आणि सर्वांनी आपले औषध त्याच्याशी ताडून पाहावे. १९२५ मध्ये असा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना मान्य झाला. त्याच्या १ मिलिग्रॅममध्ये ८ युनिट धरले गेले. पुढे शुद्धीकरण सुधारले आणि १९३५ च्या स्फटिकरूप नमुन्यात १ मिलिग्रॅममध्ये २२ युनिट मोजले गेले. वजन बदलले, युनिटची ताकद मात्र तीच राखली गेली. आज हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटना सांभाळते.

यातून पहिली गोष्ट ध्यानी घ्यावी. युनिट हे त्या त्या औषधाचे स्वतःचे माप असते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी पाहून आकड्याने दचकू नये. तिच्यात अवघे दीड मिलिग्रॅम जीवनसत्त्व असते. त्या आकड्याची इन्सुलिनच्या आकड्याशी तुलनाच होऊ शकत नाही. अर्थात, तीही वैद्यांनी सांगितलेल्या अंतरानेच घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जगाने युनिट एक केले, तरी बाटलीतील तीव्रता सर्वत्र एक झाली नाही. आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या मिळतात, तशाच १०० युनिटच्याही. म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या असतात: ४० साठी सामान्यतः लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची.

समजा, वैद्यांनी २० युनिट सांगितले आहेत. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर येते. म्हणजे प्रत्यक्षात ५० युनिट. रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते. उलट, ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत घेतले, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट, आणि साखर वाढतच राहते.

यासाठी काही नियम घरात पाळावेत. नवी बाटली आणली की वेष्टनावरील ४० किंवा १०० हा आकडा मोठ्याने वाचावा आणि सिरिंजवरील आकड्याशी जुळवून पाहावा. टोपणाच्या रंगावर एकट्यावर विसंबू नये. दोन्ही प्रकारच्या सिरिंज एका डब्यात ठेवू नयेत. इन्सुलिन पेनमधील औषध सिरिंजने काढू नये. दृष्टी मंदावली असल्यास मात्रा भरल्यावर दुसऱ्या कोणाला तरी दाखवावी. औषध-दुकानदाराने नेहमीपेक्षा वेगळी बाटली दिली, तर विचारल्याशिवाय ती वापरू नये.

आणि तरीही घाम, थरथर, अचानक भूक किंवा गोंधळलेपणा दिसला, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णास तत्काळ साखरेचे पाणी द्यावे, रक्तशर्करा तपासावी आणि वैद्यांना कळवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

टोरांटोपासून एडिंबरापर्यंत अनेकांनी खटपट केली, ती एका रुग्णाचे वीस युनिट जगात कोठेही वीसच राहावेत म्हणून. त्या साखळीतील शेवटचा दुवा आपल्या हातातील सिरिंज आहे. ती भरण्यापूर्वी दोन आकडे जुळवून पाहण्यास क्षणभर पुरतो. तेवढा क्षण दर वेळी अवश्य काढावा.