शर्यत कोणाची : वैमानिकाची की विमानाची?

शर्यत बरोबरीच्यांचीच व्हावी, असे आपण सहज म्हणून जातो. पण ही बरोबरी ठरवायची कशी? ग्लायडरच्या शर्यतींचे नियम वाचताना हा प्रश्न किती अवघड आहे ते कळते.

ग्लायडर हे इंजिनाच्या जोरावर न धावणारे विमान. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घेत उंची कमवायची आणि ती खर्च करीत पुढचा झोत गाठायचा. ठरवून दिलेला शेकडो किलोमीटरांचा मार्ग जो कमी वेळात पुरा करील, तो पहिला. कौशल्य वैमानिकाचे खरे. पण पंखांचे मोल त्याहून कमी नाही. एक किलोमीटर उंचीवरून जुने लाकडी ग्लायडर सुमारे तीस किलोमीटर जाते, तर लांब पंखांचे अद्ययावत ग्लायडर साठ! आणि लांब पंखांना पैसा लागतो.

यावर पहिला उपाय म्हणजे वर्गवारी. १९५८ साली पोलंडमधील लेश्नोच्या जागतिक स्पर्धेत ‘स्टँडर्ड’ वर्ग आला. पंखांचा विस्तार पंधरा मीटर, बांधणी साधी, किंमत आवाक्यातली. हेतू उत्तम होता. पुढे आत ओढून घेता येणाऱ्या चाकाला मुभा मिळाली, पंखांत पाणी भरून वजन वाढवायलाही मिळाली. किंमत चढत गेली. पंधरा मीटरांचा नियम तंतोतंत पाळला गेला, हेतू मात्र निसटला. साध्यासुध्यांसाठी घातलेल्या मांडवात श्रीमंतांची पंगत बसली.

दुसरा उपाय हँडिकॅपचा. २००१ साली ऑस्ट्रेलियात गॉलर येथे ‘क्लब’ वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या वर्गात जुनी ग्लायडरे चालतात, पंखांत पाणी भरता येत नाही आणि प्रत्येक नमुन्याला त्याच्या कुवतीप्रमाणे एक अंक दिलेला असतो. वेगाला त्या अंकाने भागायचे. समजा, एकाचा अंक १.०० आणि वेग ताशी ९० किलोमीटर. दुसऱ्याचा अंक १.१० आणि वेग ९७. दुसरा आधी पोहोचला, पण भागाकार केल्यावर त्याच्या पदरी ८८ च पडतात. जिंकला पहिला.

‘ही तर दुबळ्यांना दिलेली सवलत!’ असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. येथे वैमानिकाला काहीच दिलेले नाही. त्याच्या विमानाचे श्रेय तेवढे त्याच्या खात्यातून वजा केले आहे.

तरीही या भागाकाराला मर्यादा आहेत. हवेचे झोत जोरकस असतील त्या दिवशी आणि दुबळे असतील त्या दिवशी दोन विमानांतील अंतर सारखे राहत नाही. अंक मात्र तोच. शिवाय दोन झोतांमधील पल्ला जुन्या विमानाला झेपलाच नाही, तर ते वाटेतल्या शेतात उतरते. वेगाचे गुण तेथेच संपले. शून्याला कोणत्याही अंकाने भागा, उत्तर शून्यच.

म्हणून माझे मत असे की, कोणती विमाने एकत्र उडावीत हा पात्रतेचा नियम आधी आणि हँडिकॅप नंतर. फार दूरच्या दोघांना एका रांगेत उभे करून मागाहून गुण वाटणे हा न्याय नव्हे, ती न्यायाची हिशेबवही झाली. आणि नियम एकदा करून भागत नाही. तो ज्यांच्यासाठी केला, ते अजून मैदानात आहेत ना, हे दर काही वर्षांनी पाहावे लागते.

एवढे आपण आपल्या स्पर्धांच्या बाबतीत तरी कधी पाहतो का?