दिवसा दिसला म्हणून आजारीच?
जबलपूरच्या नयागावात बिबट्या दिसणं ही आता नवलाई राहिलेली नाही. वसाहतीला लागूनच ठाकूरतालच्या टेकड्या, भोवती झुडपं, आणि रात्रभर हिंडणारी मोकाट कुत्री. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य, आणि खरा धोका तिथेच आहे. कुत्र्यांमधला कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वाघ-सिंह-बिबट्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरच्या दलखानिया भागात काही आठवड्यांत 23 सिंह मेले. त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. या रोगात जनावर झोकांड्या खातं, तोंडातून लाळ गळते, आरडाओरडा केला तरी जागचं हलत नाही. रेबीजही वरवर असाच दिसतो. पण डिस्टेंपर माणसाला होत नाही, रेबीज मात्र जीव घेतो. नुसतं दिवसाढवळ्या दिसलं म्हणून प्रत्येक जनावर आजारी मानू नये, पण गुंगलेल्या कोल्ह्याला कळवळून पाणी पाजायलाही जाऊ नये. दार लावावं, पोरं आणि पाळीव कुत्री आत घ्यावीत, वनखात्याला कळवावं. ओरखडा उठलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. मेलेलं जनावर पुरण्या-जाळण्याची घाई तर मुळीच नको: रेबीजचं पक्कं निदान मेंदूच्या नमुन्यावरून होतं, आणि वन्यजीवांच्या आरोग्यासाठीचं खास केंद्र याच शहरात, नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात आहे. टेकडीलगतच्या कुत्र्यांना रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस टोचावी, ही मागणी रहिवाशांनी महापालिकेकडे लावून धरायला हवी.