पहिला ट्यूब अँप: ५ वॅट पुरे
मैत्रिणींनो, घरातलं मूल इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागलं की आज ना उद्या 'ट्यूब अँप'चा हट्ट येतोच. ट्यूब म्हणजे आपल्या वडिलांच्या रेडिओत तापून उजळायचे ते व्हॉल्व्ह. हट्ट खुळा नाही. आवाज चढवला की व्हॉल्व्हचा सूर हळूहळू फाटतो, आणि तो फाटका सूरच मुलांना हवा असतो.

म्हणूनच नातवाच्या ५० वॅटला मी स्पष्ट नाही म्हणते. ताकद ५ वॅटच्या दहापट, किंमतही बरीच जास्त, पण कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. शिवाय त्याचा सूर फाटेपर्यंत आवाज चढवायचा, तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील! फेंडरचा जुना चँप ५ वॅटच्या आसपासचाच होता. फ्लॅटमध्ये तोसुद्धा मोठाच, बरं का. व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. तो खर्च हिशेबात आधीच धरा. वाचलेल्या पैशांत शिकवणीची फी निघते.

आणि मुलांना बजावून ठेवा: स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करायचा नाही, मागचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.