दुरुस्ती घराची आणि माणसाचीही

५ ऑगस्ट १९६६ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या मार्क्वेट पार्कमध्ये मोर्चा घेऊन गेले. काळ्या माणसालाही हव्या त्या वस्तीत घर मिळावं, एवढीच मागणी होती. गोऱ्या जमावातून आलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला.

पुढे २००८च्या मंदीत त्याच भागातली अनेक घरं कर्जापायी जप्त होऊन ओस पडली. तिथल्या 'इमान' या मुस्लिम संस्थेने अशी काही घरं दुरुस्त करून पुन्हा राहती केली. १९९७ मध्ये रामी नशाशिबी आणि साथीदारांनी ती उभी केली होती. काम कुणाला दिलं? तुरुंगातून सुटून आलेल्या तरुणांना. बांधकामाचा हुन्नर शिकत त्यांनी आपलीच वस्ती सावरली.

नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. त्याविरुद्ध बोलत राहायलाच हवं. पण निर्दोष सुटून आलेल्या पोराला आपल्याच मोहल्ल्यात काम कोण देतं? इथे दार आपणच बंद करतो, हे मला जास्त खुपतं.

दोस्तांनो, रमजानमध्ये राशन वाटतो तसं यंदा पावसाआधी मोहल्ल्यातलं एक गळकं घर निवडू या. मिस्त्री आपल्यातलाच घेऊ. त्याच्या हाताखाली अशा एका पोराला रोजावर ठेवू. मजुरी जमातीने द्यावी. छप्पर नीट होईल आणि त्या पोराचा सलामही लोक पुन्हा घेऊ लागतील.